एआय अर्ध्या मिनिटात कोड लिहितं, मग मी कशाला शिकू?

डोंबिवलीहून एका मुलीचं पत्र आलंय: 'बीएस्सी आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चार महिने पायथन शिकतेय. ज्या प्रोग्रामला मला दोन दिवस लागले, तो मैत्रिणीने चॅटजीपीटीकडून अर्ध्या मिनिटात करून घेतला. तेव्हापासून हातच चालत नाही. बाबा म्हणतात, बँकेच्या परीक्षेला बस. काय करू?'

तुझी भीती खोटी नाही, हे आधी सांगते. छोटा फॉर्म बनव, रिपोर्ट काढ, जुन्या कोडला टेस्ट लिही, अशी जी कामं कंपनीत नव्याने लागलेल्या मुलांना देतात, नेमकी तीच एआयला झटपट जमतात. पहिल्या नोकरीची पायरी त्यामुळे उंच झाली आहे. हे लपवून तुला धीर देणं मला बरोबर वाटत नाही.

पण तो अर्ध्या मिनिटातला प्रोग्राम तुम्ही दोघींनी नीट वाचलात का?

एक करून बघ. लोकलच्या प्रवासाला किती मिनिटं लागतात, ते काढणारा प्रोग्राम एआयकडून लिहून घे. पोहोचायच्या वेळेतून सुटायची वेळ वजा केली, की दिवसभराच्या गाड्यांना उत्तर बरोबर येतं. मग सीएसएमटीहून रात्री ११.४० ला सुटून १२.५० ला डोंबिवलीला पोहोचणारी गाडी धर. प्रवास सत्तर मिनिटांचा, पण मध्यरात्री तारीख बदलते याचा विचार कोडमध्ये नसेल तर उत्तर येईल उणे १३७०! कधी एआय हे स्वतःहून सांभाळतं, कधी नाही. आणि रविवारच्या मेगाब्लॉकचं काय करायचं, हे कुणीतरी विचारावंच लागतं. तुला ते सुचेल, कारण त्या फलाटावर तू ताटकळली आहेस.

१९५७ साली आयबीएमची फोरट्रान ही प्रोग्रामिंगची भाषा आली. तिच्यात लिहिलेलं मशीनच्या भाषेत बदलून द्यायचं काम कंपायलर नावाचा प्रोग्राम करतो. मशीनच्या भाषेत हाताने सूचना लिहिण्याचं काम पुढे कमी झालं, प्रोग्रामर मात्र वाढले. हा दाखला मला अर्धाच पटतो. कंपायलरला तोच कोड दिला की काम तेच होतं, त्याच्यावर विसंबता येतं. एआयला तोच प्रश्न दोनदा विचारलास तर दोन वेगळी उत्तरं येऊ शकतात. कधी तर नसलेल्या लायब्ररीचं (म्हणजे आयत्या कोडच्या संचाचं) नाव ते ठामपणे सांगतं. ते तपासायला माणूस लागतो, आणि स्वतः लिहून चुकल्याशिवाय तपासायची नजर येत नाही. तुझे ते दोन दिवस वाया गेलेले नाहीत गं. माझ्या मते खरं शिकणं तिथेच झालं.

म्हणून निदान हे वर्षभर आधी स्वतः लिही. अडलीस की एरर मेसेज शब्दन् शब्द वाच. मगच एआयला विचार, तेही 'लिहून दे' नाही, 'कुठे चुकलं ते समजाव' असं. सोबत एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शिकायला घे. एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या सरकारी उपक्रमावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. 'शंभर टक्के नोकरी'वाल्या क्लासला बाबांचे पैसे देऊ नकोस.

बाबांचं म्हणणंही उडवून लावू नकोस. त्यांना काळजी आहे. बँकभरतीच्या आयबीपीएसच्या पीओ (अधिकारी) आणि क्लार्क, दोन्ही परीक्षांना पदवी लागते, म्हणजे तो निर्णय आज घ्यायचाच नाहीये. या रविवारी तो मध्यरात्रीच्या गाडीचा प्रोग्राम स्वतः दुरुस्त कर, बाबांना शेजारी बसवून चालवून दाखव, आणि कोड मला पाठव. मी वाचेन.