ईसीएचएस असताना वय वंदना कार्ड काढावं का? आमचं काय झालं ते सांगतो

दादा, तुमचे वडील ७४ वर्षांचे माजी सैनिक, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) आहेच, आणि आता शिबिरवाले "वय वंदना काढा, फुकट आहे, दोन कार्डं असलेली बरी" म्हणून मागे लागलेत. वाचलं आणि आमचे आण्णा डोळ्यापुढे आले, तेही ईसीएचएसवाले माजी सैनिक. हेच वाक्य आमच्या ओट्यावर बसून एकानं ऐकवलं होतं.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर पूर्ण झालेल्या सगळ्यांना आयुष्मान भारत योजनेचं पाच लाखांचं कवच आहे, उत्पन्न कितीही असो; त्याचंच कार्ड म्हणजे वय वंदना. पण ईसीएचएसवाल्यांनी दोन्हींतलं एकच निवडायचं. खासगी पॉलिसीवाल्यांना दोन्ही चालतं, म्हणून शेजाऱ्याचं बघून ठरवू नका. आमच्या शिबिरातल्या पोरानं दुसरी योजना आहे का हे विचारलंसुद्धा नाही. आणि आधारचा ओटीपी मीच मोठ्यानं वाचून दाखवला, कार्ड निघालं!

सोयाबीन काढणीत एका रात्री आण्णांच्या छातीत कळ आली. आयुष्मानचा बोर्ड बघून जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं. काउंटरवर म्हणाले, "चालतंय." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणाले, मंजुरी आली नाही, पैसे भरा. तोवर ईसीएचएसचा विचारच मनात आला नव्हता. तो दवाखाना ईसीएचएसच्या यादीत नव्हता, आणि अशा वेळी पॉलिक्लिनिकला, म्हणजे ईसीएचएसच्या स्वतःच्या दवाखान्याला, ४८ तासांत कळवावं लागतं. मी फोन केला चौथ्या दिवशी दुपारी.

एक लाख अडतीस हजार रोख भरले. मग ते ईसीएचएसकडून परत मिळवायला एका कार्यालयाच्या चकरा. आधी उशिराचं कारण लिहून आणा, मग तातडीचा दाखला, मग प्रत्येक बिलावर डॉक्टरची सही. सातव्या चकरेला कळलं की पहिल्या चकरेचा अर्ज पुढं गेलेलाच नाही. टेबलावरच्या काचेखाली होता, मला वरून दिसत होता! पुढं पैसे मिळाले, तेही ईसीएचएसच्या दरानं, म्हणजे बराच भाग खिशातूनच.

माझं मत विचाराल तर ईसीएचएस सोडू नका. बीपी-शुगरच्या गोळ्या पॉलिक्लिनिकमधून मिळतात. आयुष्मान दवाखान्यात भरती झाल्यावरच कामाला येतं. शिवाय आई अजून सत्तरची नसेल तर तिला वय वंदना मिळणारच नाही, ईसीएचएसमध्ये मात्र ती वडिलांमुळे आहे. हां, पॉलिक्लिनिक फार लांब असेल आणि येणं-जाणंच होत नसेल, तर हिशोब वेगळा असू शकतो. मी काही कारकून नाही. पॉलिक्लिनिकला किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात लेखी विचारा, तोंडी उत्तरावर जाऊ नका.

जाता जाता, आधारवरची जन्मतारीख फौजेच्या डिस्चार्ज बुकाशी जुळते का बघा. आण्णांच्या आधारवर १ जानेवारी आहे, फौजेच्या कागदावर भलतीच. पॉलिक्लिनिकचा नंबर आम्ही आता फ्रिजवर चिकटवलाय, सुनेच्या मोबाइलमध्येही टाकलाय.

वय वंदना आधीच काढून झालं असेल आणि आमच्यासारखा कळवायला उशीर झाला तर सांगा, उशिराच्या कारणाचा अर्ज माझ्याकडं तयार आहे, फोटो टाकतो.