मराठी वाचनाची नव्याने सुरुवात करताना कोणती पुस्तके घ्यावीत?

इंग्रजी माध्यमातून शिकल्यामुळे दहावीनंतर मराठी पुस्तक हातात धरले नाही, आता तिशीत पुन्हा वाचायला लागायचे आहे, तर कादंबरी, आत्मचरित्र, कविता, नाटक अशा निरनिराळ्या प्रकारांतील कोणती पुस्तके घ्यावीत, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर एका घरगुती अनुभवावर आधारलेले आहे. माझी आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि वाचनाशिवाय तिचा दिवस जात नसे. काचबिंदूने तिची दृष्टी गेली त्याला सात वर्षे झाली; तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर मी तिला वीसेक पाने मोठ्याने वाचून दाखवतो. मनातल्या मनात वाचताना जी पोकळ वाक्ये नजरेखालून सहज निसटून जातात, ती मोठ्याने वाचताना जिभेवर अडतात, आणि ऐकणारे माणूस कंटाळले की ते लगेच कळते. खाली दिलेली पुस्तके या कसोटीला उतरलेली आहेत. मराठीची सवय सुटली असेल तर आपणही पहिले काही दिवस, एकटे असलात तरी, मोठ्याने वाचावे असे मी आग्रहाने सुचवीन, कारण लिपी वाचण्यात होणारा अर्धा त्रास कानाच्या ओळखीने कमी होतो.

सुरुवात व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ने करावी. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली ही कादंबरी लहान आहे आणि वाक्येही छोटी, स्वच्छ आहेत. औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका वाडीवर एक कोवळा मास्तर शाळा चालवायला येतो, मुले मेंढरांमागे रानात गेलेली असतात, आणि शाळा भरवायची म्हणजे आधी माणसे जोडावी लागतात. मास्तर गावाला हाताशी धरून तालीम बांधवतो, आणि पुढे दुष्काळ पडतो तेव्हा तीच वाडी हळूहळू रिकामी होत जाते. माडगूळकर यात कुठेही आवाज चढवत नाहीत. शेवटची पाने मी वाचली त्या रात्री आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने फक्त एवढेच विचारले, की मास्तरच्या जागी तू असतास तर सगळ्यांच्या आधी निघाला असतास का?

आत्मचरित्रात माझ्या दृष्टीने लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ला तोड नाही. कवी नारायण वामन टिळक यांच्या त्या पत्नी. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा सनातनी घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले; काही वर्षे त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या, मग त्यांच्याकडे परतल्या, सुरुवातीला आपले सोवळे सांभाळूनच राहिल्या, आणि पुढे स्वतःच्या विचाराने त्यांनीही तोच धर्म स्वीकारला. शाळेचे शिक्षण नसलेल्या या बाईंनी उतारवयात लिहिलेल्या या आठवणी १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाल्या. त्यांच्या लेखनाचे बळ कशात आहे, ते वडिलांच्या सोवळ्याची प्रकरणे वाचताना दिसते. १८५७च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली, त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले, आणि त्या वेडाखाली सारे घर कसे दबून गेले, हे त्या सांगतात. पण तक्रारीचा सूर नाही, कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे नाही. वाचताना हसू येते आणि हसता हसता त्या मुलीच्या वाट्याला काय आले होते ते लक्षात येऊन घशात आवंढा येतो. या पुस्तकाच्या संक्षिप्त आवृत्तीही मिळतात. आपण मात्र पूर्ण पुस्तकच मिळवावे, कारण गाळलेल्या बारीकसारीक गोष्टींतच खरा जीव आहे.

इतिहासाची आवड असेल तर विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ वाचावा. मराठीतले मला सर्वांत अद्भुत वाटणारे पुस्तक हेच. कोकणातल्या वरसईचे हे गरीब भिक्षुक घरावरचे कर्ज फेडायला दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ साली चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. इंग्रज फौज आत शिरल्यावर जी कत्तल आणि लूट झाली, ती त्यांनी जीव मुठीत धरून पाहिली. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना झाशीची राणी धुळीने माखलेल्या अवस्थेत भेटते. भटजी तिच्यासाठी पाणी काढायला पुढे होतात, पण विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून ती स्वतःच पाणी काढते आणि ओंजळीने पिते. हा प्रसंग जेमतेम काही ओळींचा आहे. मी तो आईला लागोपाठ दोनदा वाचून दाखवला. इतके सगळे सोसून हा माणूस घरी परततो तो आईवडिलांसाठी गंगेचे पाणी घेऊन. हे पुस्तक १९०७ मध्ये चिं. वि. वैद्यांनी संपादित करून प्रथम छापले. भाषा जुनी आहे, पहिली दहा पाने जड जातील, तेवढी सोसावीत.

दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) मी रात्री वाचायचे थांबवून सकाळी वाचायला घेतले, कारण त्यानंतर झोप लागत नसे. गावातला महारवाडा आणि मुंबईतला कावाखाना या दोन जगांत वाढलेल्या दगडूची ही कहाणी आहे. तो ती शिकूनसवरून मोठ्या झालेल्या दया पवारांनाच सांगतो आहे, अशी मांडणी असल्यामुळे एकच माणूस स्वतःसमोर बसून झाडाझडती देत असल्यासारखे वाटते. ज्या घरांत या जगण्याची झळ कधी पोचली नाही, त्या घरांतल्या वाचकाने हे पुस्तक टाळू नये. आमचे घर तसेच होते.

वैचारिक लेखनात इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ घ्यावे. त्यांना १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार याच पुस्तकासाठी मिळाला. मानववंशशास्त्राच्या अभ्यासक असलेल्या इरावतीबाई महाभारतातल्या व्यक्तींकडे देव किंवा आदर्श म्हणून न पाहता नात्यांत, कुळांत आणि हट्टांत अडकलेली माणसे म्हणून पाहतात. धर्मराज हा विदुराचा मुलगा असावा, हे त्यांचे म्हणणे आईला मुळीच पटले नाही आणि त्यावर आमचा दोन दिवस वाद चालला. पौराणिक व्यक्तींवरच्या जाडजूड, भरजरी भाषेतल्या कादंबऱ्या पुष्कळांना पहिल्या वाचनासाठी सुचवल्या जातात. त्यांच्याआधी आपण ‘युगान्त’ वाचावे असे मला मनापासून वाटते.

कवितेसाठी बहिणाबाई चौधरी. अक्षरओळख नसलेल्या या खानदेशी शेतकरी बाईंच्या ओव्या त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये छापल्या गेल्या. त्या केवळ डोळ्यांनी वाचूच नयेत, म्हणाव्यात. नाटकासाठी महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’. विदर्भातल्या देशपांड्यांच्या पडक्या वाड्यात नादुरुस्त होऊन पडलेला ट्रॅक्टर एकदा मनात उभा राहिला की जात नाही. विज्ञानकथांत जयंत नारळीकरांचे ‘यक्षांची देणगी’ सोपे आणि वेधक आहे. आपली पहिली कथा त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती, जेणेकरून परीक्षकांवर नावाचे दडपण येऊ नये.

दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ मात्र सलग वाचू नये. आम्ही ते पहिल्यांदा चार रात्रींत संपवले आणि फुलाझाडांची नावे एकमेकांत मिसळून गेली. पुस्तकात मराठी महिन्यांनुसार बारा लेख आहेत. दुसऱ्या वेळी आम्ही चैत्रात चैत्राचा, वैशाखात वैशाखाचा असा दर महिन्याला एकच लेख वाचला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यातले जे झाड वाटेत दिसे त्याची फांदी किंवा निदान गळलेले फूल आणून आईच्या हातात देत असे. ती बोटांनी चाचपून नाव ओळखते. करंजाचे फूल तिने वासावरून ओळखले होते.

म्हणून ‘बनगरवाडी’बरोबरच ‘ऋतुचक्र’ही आणून ठेवा आणि जो मराठी महिना चालू असेल त्याच्या लेखापासून सुरुवात करा. आमच्याकडे सध्या तिसऱ्यांदा ‘स्मृतिचित्रे’ चालू आहे.