नाडी, नाडा आणि ट्रेडमिलचा दांडा

प्रश्न असा आहे: ट्रेडमिलच्या दांड्यावरच्या चकचकीत पट्ट्या धरल्या की पडद्यावर ठोके दिसतात, तर त्या सोयीला 'नाडीमापक' म्हणावं का?

नाही. 'पट्टी नाडी पकडते' हे गंगापूर रोडवरच्या आमच्या जिममध्ये रोज कानावर पडतं आणि मी रोज दातओठ खातो.

नाडी म्हणजे मुळात पोकळ देठ. संस्कृतात 'नड' म्हणजे बोरूसारखं पोकळ गवत. ड आणि ल तिथे सहज जागा बदलतात. 'डलयोरभेदः' म्हणतात ते हेच. म्हणून नड-नल, नाडी-नाली, आणि मराठीत नळ, नळी, नाळ. म्हणजे महापालिकेचा नळ आणि मनगटातली नाडी एकाच घरच्या! आता लेंग्याची नाडी. एक निवृत्त गुरुजी म्हणतात, हा निव्वळ योगायोग. कसला योगायोग? नेफा ही नळीच की! तिच्यातून सरकणाऱ्या दोरीला नळीचंच नाव चिकटलं असावं. 'नाडणे'सुद्धा त्याच दोरीने आवळलेलं असणार, असं माझं मत. गुरुजी हसतात. हसू देत.

तर बोटांना लागते ती नळीतून येणारी रक्ताची लाट. पट्टीला नळीशी देणंघेणं नाही. हृदय आकुंचन पावण्याआधी त्यातून विजेची लहर जाते. त्वचेवर ती जेमतेम १ मिलिव्होल्ट उरते. पट्ट्या मोजतात तो दोन हातांमधला फरक, म्हणून एक हात सोडला की आकडा गुल. एका हाताने टाळी वाजत नाही. लहरीच्या दोन शिखरांत ०.५ सेकंद गेला, तर मिनिटाला १२० ठोके. दांडा करकचून आवळलात तर स्नायूंची वीज मध्ये लुडबुड करते. परवा थंडीत माझ्या कोरड्या तळव्यांना नुसत्या दोन रेघा दिसत होत्या. बाटलीतलं पाणी चोळलं, लगेच ११२! हृदयाची ही वीज टिपण्यासाठी १९२४चं नोबेल मिळवणारे डच शास्त्रज्ञ आइंथोवेन तर माणसाचे हात मिठाच्या पाण्यात बुडवूनच ही लहर टिपत.

पाठ्यपुस्तकं अशा पट्टीला, म्हणजे इलेक्ट्रोडला, 'विद्युत अग्र' म्हणतात. सपाट पत्र्याला अग्र कुठलं? सरळ पट्टी म्हणा.

हिरवा उजेड टाकून मनगटातलं रक्त कमी-जास्त होताना बघणारं घड्याळ मात्र खुशाल नाडीमापक. दांड्याला 'ठोकेमापक' चालेल. गुरुजींनाही विचारा, फक्त लेंग्याचा विषय काढू नका.