मे महिन्यात अनोडायझिंगचा थर पिठूळ का येतो

तुमचा प्रश्न असा, की ६०६३ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे खिडकीचे सेक्शन (लांब पट्ट्या) जानेवारीत टाकीतून ठणठणीत निघायचे, मे लागल्यापासून मात्र तोच व्होल्टेज, तोच वेळ देऊनही काळा रंग पांढऱ्या फडक्याला उतरतो. म्हापशातल्या कोणी ऑक्झॅलिक ॲसिड घालायला सांगितलंय, घालू का?

अनोडायझिंग म्हणजे ॲसिडच्या टाकीत करंट सोडून ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढवणं. सल्फ्युरिक ॲसिड टाकीत दोन कामं एकाच वेळी करतं. करंटबरोबर ऑक्साइडचा थर वाढतो आणि तेच ॲसिड तो थर वरून कुरतडतंही. म्हणून तर त्यात नॅनोमीटरच्या मापाची छिद्रं राहतात आणि म्हणूनच रंग आत शिरतो. टाकी तापली की कुरतडणं वाढतं, छिद्रांच्या भिंती पातळ होतात, थर मऊ पडतो. गंमत म्हणजे असा थर रंग अधिक पटकन पितो, त्यामुळे माल टाकीतून निघताना झकास काळा दिसतो! मीही त्यावर फसलोय. गोव्यात वेर्ण्याला असताना चाळीसएक रेलिंग मोठ्या खुशीत पाठवले आणि पंधरवड्यात परत आले.

लिटरला १६५ ते २०० ग्रॅम ॲसिड आणि १८ ते २२ अंश, या पट्ट्यात राहा. आपल्याकडे मेमध्ये नळाचं पाणीच तीसच्या आसपास असतं, टाकी गार ठेवणाऱ्या चिलरशिवाय जमायचं नाही. थर्मामीटर टाकीच्या कोपऱ्यात असेल तर त्याच्यावर विसंबू नका, उष्णता तयार होते ती जॉबच्या, म्हणजे टाकीत टांगलेल्या मालाच्या, अंगाशी. हवेचे बुडबुडे नीट फिरत नसतील तर कोपऱ्यात २१ आणि सेक्शनजवळ बरंच जास्त, असं होतं.

ऑक्झॅलिकचा सल्ला चुकीचा नाही. लिटरला १० ते ३० ग्रॅम घातलं तर ॲसिडचं कुरतडणं मंदावतं आणि टाकी दोन-चार अंश जास्त सोसते. व्होल्टेज थोडा वाढवावा लागतो आणि थराला पिवळसर झाक येऊ शकते. काळ्या रंगाला त्याने काही बिघडत नाही, रंग न दिलेल्या नॅचरल फिनिशला बिघडतं. चिलर बंद ठेवायची सोय म्हणून मात्र ते घालू नका.

अवांतर: ॲसिड बदललं की थराची जातच बदलते. फॉस्फोरिकमध्ये छिद्रं मोठी होतात, म्हणून विमानाचे पत्रे चिकटवण्याआधी ते वापरतात. क्रोमिकचा थर जेमतेम २ ते ५ मायक्रॉनचा. १९२३ साली ब्रिटनमध्ये सी-प्लेनच्या ड्युरल्युमिनसाठी (ॲल्युमिनियमचा एक मिश्रधातू) ही पद्धत काढली. बोरेटच्या द्रावणात तर छिद्रंच पडत नाहीत, कपॅसिटरला तेच लागतं. असो.

तुमच्या टाकीत मला दुसरा संशय क्लोराइडचा आहे. किनाऱ्याजवळची बोअर उन्हाळ्यात खारट होते आणि तेच पाणी धुवायला, टाकी भरायला वापरलं की क्लोराइड साचत जातं. मग सेक्शनवर टोचल्यासारखे खड्डे दिसतात. ग्लासभर बोअरच्या पाण्यात नायट्रिक ॲसिडचे दोन थेंब आणि मग सिल्व्हर नायट्रेट टाका. दुधासारखं पांढरं झालं तर ते पाणी टाकीला देऊ नका. डिस्टिल्ड पाण्याचा ग्लास शेजारी ठेवला की फरक लगेच कळतो.

आता रेक्टिफायरला (टाकीला करंट देणाऱ्या यंत्राला) हात लावू नका. पुढच्या बॅचला थर्मामीटर जॉबला लागून धरा, विसाव्या मिनिटाचा आकडा आणि ग्लासातल्या बोअरच्या पाण्याचा रंग इथे लिहा.