नॉर्थवुडची तीन वर्षं

प्रश्न : जॉन नॉर्थवुड हे व्हिक्टोरियन काळातले थोर काचकलावंत मानले जातात. पण त्यांचं सर्वांत गाजलेलं काम म्हणजे एका रोमन कलशाची नक्कल. नक्कल करणाऱ्याला एवढा मान कशासाठी? – एक वाचक

उत्तर : मी बावीस वर्षं काच कोरते आहे. नक्कल हा शब्द इथे मला सलतो.

तुम्ही म्हणता तो रोमन कलश म्हणजे ब्रिटिश म्युझियममधला पोर्टलँड कलश. तो गडद निळ्या काचेचा, वर पांढऱ्या काचेतल्या आकृती. इंग्लंडमधल्या वेजवुड या कुंभाराने 1790 च्या सुमारास त्याची प्रतिकृती केली खरी, पण भाजलेल्या मातीत. काचेत ते कसं करायचं, हे ज्ञानच हरवलं होतं. निळ्या काचेवर पांढऱ्या काचेचा थर चढवायचा, तर थंड होताना दोन्ही सारख्याच आक्रसल्या पाहिजेत. नाहीतर तडा ठरलेला. काचकारखानदार फिलिप पार्जेटर यांच्या इंग्लंडमधल्या वर्ड्‌स्ली गावातल्या भट्टीत तसा कलश फुंकून निघाला आणि त्याच गावात 1836 साली जन्मलेल्या नॉर्थवुड यांनी तो कोरायला घेतला.

1873 ते 1876. हातात पोलादी टोकं, बस. या कामात पांढऱ्याची जाडी हाच रंग असतो. थर पातळ केला की खालचा निळा झिरपतो आणि वस्त्राला चुणी पडते. केसभर जास्त खरवडलं, तर ते परत भरता येत नाही. मधेच कलशाला तडा गेला. माझ्या हातून अशी वस्तू गेली, तेव्हा मी महिनाभर हत्याराला हात लावला नव्हता. नॉर्थवुड यांनी तो जोडून घेतला आणि काम पुरं केलं.

त्यानंतर वर्ड्‌स्लीजवळच्या स्टौरब्रिज परिसरात कॅमिओ काचेचा, म्हणजे अशा दुरंगी थर कोरलेल्या काचेचा, धंदाच उभा राहिला. थॉमस वेब यांच्या कारखान्यात नाव काढलेले वुडॉल बंधू नॉर्थवुड यांच्याच हाताखाली शिकलेले. आम्लाने काचेवर नक्षी उठवण्याची यंत्रंही नॉर्थवुड यांनी 1860 च्या दशकात बनवली होती. 1882 पासून ते स्टीव्हन्स अँड विल्यम्स या काचकारखान्यात कलाविभाग सांभाळत. मुलगा हॅरी अमेरिकेत गेला आणि रंगीत काचेच्या कारखानदारीत नावाजला. वडील 1902 मध्ये वारले.

ती प्रतिकृती आज अमेरिकेत, कॉर्निंगच्या काच-संग्रहालयात आहे. तिचं छायाचित्र मिळालं, तर आधी आकृतींच्या कडा पाहा, जिथे पांढरा विरत जाऊन निळसर होतो. तिथे हात किती हलका ठेवावा लागतो, ते मला अजून पुरतं साधलेलं नाही.