सामूहिक व्यायामवर्गासाठी बूट निवडताना

आपण नव्याने वर्गात येणार आहात, म्हणून आधीच सांगतो: घरात धावण्याचे बूट आहेत म्हणून तेच चालतील, असे गृहीत धरू नका. धावताना पाऊल सरळ पुढे पडते आणि त्या बुटांची टाचेखालची जाड, मऊ गादी त्यासाठीच असते. एरोबिक्स किंवा झुंबामध्ये मात्र शरीर सतत डावी-उजवीकडे झुकते, आणि अशा उंच गादीवरून पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडून घोटा मुरगळण्याची शक्यता वाढते. मी स्वतः पहिल्या महिन्यात असाच घोटा मुरगळून घेतला आणि पुढचे काही वर्ग भिंतीशी बसून पाहिले.

बूट हातात घेऊन टाच आणि चवडा धरून वाकवून पाहा. तो चवड्यापाशी वाकायला हवा. मध्येच दुमडला तर परत ठेवा. तळव्याची पकड हा नाजूक भाग आहे. खोल खाचांचा तळवा लाकडी जमिनीला असा चिकटतो की गिरकी घेताना पाऊल जागीच राहते आणि सारा पीळ गुडघ्यावर येतो.

खरेदी शक्यतो संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. वर्गात वापरता तेच मोजे घालून, उभे राहून, सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरते का ते पाहावे. रंगाचा विचार सर्वांत शेवटी. वजने उचलण्याच्या वर्गाला सपाट, टणक तळव्याचा बूट बरा. योगासनांना तर अनवाणीच यावे.