फोटो हलत कसा नाही? : अवकाशयानांच्या कॅमेऱ्यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न (सांगली) : नेपच्यूनपाशी ऊन अगदी फिकं आणि यान भरधाव. मग 'व्हॉयेजर २'चे फोटो हलले कसे नाहीत?

उत्तर : हलण्याची भीती खरीच होती. नेपच्यून सूर्यापासून पृथ्वीच्या तीसपट लांब आहे, त्यामुळे तिथलं ऊन आपल्या सुमारे नऊशेपटींनी कमी. शटर १५ सेकंद, कधी त्याहूनही जास्त वेळ उघडं ठेवावं लागे. तेवढ्यात जवळचा चंद्र चौकटीत सरकायचा आणि फोटोत नुसता ओरखडा उमटायचा.

त्यावरचा उपाय युरेनसच्या भेटीतही वापरला होता. चंद्र ज्या वेगाने सरकतो, त्याच वेगाने अख्खं यान हळूहळू वळवायचं. बैलगाडा शर्यतीत फोटो काढणारा धावत्या जोडीबरोबर कॅमेरा फिरवतो, अगदी तसं. २४ जानेवारी १९८६ रोजी युरेनसच्या मिरांडा या चंद्राचे कडे नि भेगा सुमारे ३० हजार किलोमीटरवरून स्वच्छ दिसल्या त्या यामुळेच. पण यान वळलं की त्याची ३.७ मीटरची अँटेना पृथ्वीवरून हटते. म्हणून फोटो आधी टेपवर घ्यायचे, यान पुन्हा सरळ करायचं आणि मग ते पाठवायचे. त्यातही युरेनसहून पृथ्वीपर्यंत संदेश यायला पावणेतीन तास. ऐनवेळी दुरुस्ती करायला वावच नाही, सगळ्या आज्ञा आधीच यानात भरून ठेवायच्या.

दुसरी अडचण त्या टेपरेकॉर्डरचीच. तो सुरू किंवा बंद झाला की त्याच्या झटक्याने अवकाशात अधांतरी असलेलं यान किंचित फिरे. मग पृथ्वीवरून नवा प्रोग्राम पाठवला गेला : टेप हलली की त्याच क्षणी थ्रस्टरने, म्हणजे यान वळवणाऱ्या छोट्या इंजिनाने, उलट दिशेला चिमूटभर धक्का द्यायचा. उड्डाणानंतर काही वर्षांनी, इतक्या लांबून केलेली ही दुरुस्ती माझ्या मते त्या मोहिमेतलं सर्वांत सुंदर काम आहे.

शिवाय १९८१ मध्ये शनीजवळून गेल्यावर कॅमेरे फिरवणारा मंचच अडकला होता. भराभर फिरवल्यामुळे गिअरच्या दांड्यावरचं वंगण निघून गेलं होतं. पुढे तो हळूच फिरवायचा, असं ठरलं.

प्रश्न (चिपळूण) : एक फोटो पृथ्वीवर यायला किती वेळ लागायचा?

उत्तर : 'व्हॉयेजर'चा फोटो ८०० बाय ८०० ठिपक्यांचा, प्रत्येक ठिपक्याला ८ बिट. म्हणजे एकूण ५१ लाख २० हजार बिट. गुरूजवळून सेकंदाला १,१५,२०० बिट येत, म्हणजे पाऊण मिनिटात एक फोटो. युरेनसजवळून २१,६०० च्या वेगाने त्यालाच चार मिनिटं लागली असती. म्हणून प्रत्येक ठिपक्याचा पूर्ण आकडा न पाठवता शेजारच्या ठिपक्याशी असलेला फरक तेवढा पाठवायची युक्ती केली आणि बिट निम्म्याहून कमी लागले.

प्रश्न (पुणे) : 'जुनो' यानाच्या कॅमेऱ्याचा गुरूचा कच्चा फोटो उतरवून घेतला, तर त्यात नुसत्या आडव्या पट्ट्या. फाइल बिघडली का?

उत्तर : फाइल ठीक आहे. 'जुनो' मिनिटाला सुमारे दोन वेळा स्वतःभोवती गिरकी घेतं. कॅमेरा यानाला पक्का जखडलेला आणि रंगाच्या काचा थेट सेन्सरवर बसवलेल्या. यान फिरेल तशी गुरूची एकेक फाक काचांसमोरून जाते. एका ओळीवरचं दृश्य जेमतेम ३.२ मिलिसेकंदांत पुढच्या ओळीवर सरकतं. फोटो पुसट होऊ नये म्हणून सेन्सरमध्ये साठलेला विद्युतभारही त्याच लयीत ओळीओळीने पुढे ढकलला जातो.

तुमच्या फाइलची रुंदी १६४८ आणि प्रत्येक पट्टीची उंची १२८ असेल. पट्ट्यांचा क्रम निळी, हिरवी, लाल, पुन्हा निळी असा. आधी रंगवार तीन गठ्ठे करा. एका गठ्ठ्यातली पुढची पट्टी आधीच्या पट्टीपासून साधारण ११५ ओळींवर ठेवा, म्हणजे १३ ओळी एकमेकींवर येतील. नेमका आकडा दोन चौकटींमधल्या वेळेवर ठरतो. ती वेळ फोटोबरोबरच्या माहितीत असते, बहुधा ०.३७१ सेकंद. त्यात ०.००१ सेकंद मिळवायला विसरू नका. असे तीन उभे फोटो तयार झाले की ते एकमेकांवर ठेवताना दर रंगामागे १५५ ओळी सरकवा, कारण सेन्सरवर काचा तेवढ्या अंतरावर आहेत. ग्रहाच्या कडेला रंगीत झालर दिसली, तर सरकवण्याची दिशा चुकली आहे.

रंग सुरुवातीला मळकट दिसतील. १२ बिटचे आकडे ८ बिटमध्ये दाबून पाठवलेले असतात, ते आधी उलगडावे लागतात. मग निळा वाढवायचा. मिथेन वायू टिपणाऱ्या चौथ्या काचेतून घेतलेला फोटो वेगळा असतो, तो यात मिसळू नका.

पहिल्या प्रयत्नाला यान लांब असतानाचा फोटो निवडा, ज्यात गुरूचा पूर्ण गोल दिसतो. ढगांपासून काही हजार किलोमीटरवर असताना 'जुनो' सेकंदाला ५० किलोमीटरहून अधिक वेगाने जातं. दोन पट्ट्यांच्या मधल्या वेळात त्याची जागाच बदलते. तिथे नुसत्या पट्ट्या रचून भागत नाही, क्षितिज दातेरी होतं. अशा फोटोसाठी नासाच्या 'स्पाइस' फाइलींमधून त्या क्षणीची यानाची जागा नि दिशा घेऊन प्रत्येक ठिपका ग्रहाच्या गोलावर बसवावा लागतो.

प्रश्न (मडगाव) : नेपच्यून खरंच इतका गडद निळा आहे का?

उत्तर : नाही. १९८९ मध्ये छापलेल्या फोटोंत ढग नि पट्टे उठून दिसावेत म्हणून रंग मुद्दाम गडद केला होता. तसं तेव्हा सांगितलंही होतं, पण पुढे फोटो राहिला नि ती ओळ गळली. २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या पॅट्रिक अर्विन यांच्या गटाने रंगांचा हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा नेपच्यून आणि युरेनस दोघेही फिक्या हिरवट-निळ्या रंगाचे निघाले. नेपच्यून किंचित जास्त निळा, इतकाच फरक.